रुमालाखालचा पिनबॉल

लोणावळ्यात मी लोकांचे बंगले सांभाळतो. म्हणजे बंगला त्यांचा आणि चावी माझी. मालक वर्षातून चारदा येतात. उरलेल्या दिवसांत मी आत जाऊन खिडक्या उघडतो, भिंतींवरची बुरशी पुसतो आणि कोणी बघत नसेल तर त्यांच्याच झोपाळ्यावर बसून चहा पितो. पंचावन्नाव्या वर्षी याहून चांगला उद्योग कोणाला सापडला असेल तर त्याने मला कळवावं.

अशाच एका जुन्या बंगल्याचा मालक बदलला. नवा मालक म्हणाला, "आतलं सगळं काढून टाका, मला फक्त भिंती हव्यात." पलंग गेले, कपाटं गेली आणि मागच्या खोलीत एका चादरीखाली निघालं पिनबॉलचं मशीन. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चार पायांवर उभं, पुढे उतरतं एक लांबट टेबल, त्यावर काच, आत एक पोलादी गोळी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि खांबांना धडकत, घंट्या वाजवत खाली घरंगळते. तळाच्या भोकात पडायच्या आत दोन्ही बाजूंची बटणं दाबून दोन छोट्या पंखांनी तिला पुन्हा वर फेकायचं. मागे उभ्या काचेवर वाघावर बसलेली सर्कशीतली बाई रंगवलेली, आणि तिच्या पायाशी गुणांचे फिरते आकडे. कॉम्प्युटर नाही, पडदा नाही. नुसत्या वायरी, कॉइल आणि टिकटिक. शिवाय उंदरांचं एक सुखी कुटुंब.

भंगारवाला आला, त्याने मशीन एका बाजूने उचलून पाहिलं आणि किलोवर भाव सांगितला. वाघावरची बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही देणार." आणि टेम्पो केला तो थेट घोरावाडीला, भाऊंच्या घरी.

भाऊ माझे जुने मित्र. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी आयुष्यभर वायरलेसचे सेट दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर घरातलं जे जे चालू होतं ते उघडून पाहिलं. त्यांच्या घराच्या पुढच्या भागात वहिनींची पिठाची गिरणी आहे. घर चालतं ते त्या गिरणीवर आणि वहिनींच्या आवाजावर. टेम्पोतून मशीन उतरताना वहिनी पीठ झटकत बाहेर आल्या.

"भावजी, हे काय आणलंत?"

"वहिनी, कला आहे ही."

"कलेला पाय चार आहेत. ठेवणार कुठे?"

ठेवलं बाहेरच्या खोलीत. दोन महिन्यांत होईल असं भाऊ म्हणाले होते. अकरा लागले. जळालेल्या कॉइल त्यांनी पंख्यांचं वाइंडिंग करणाऱ्याकडे बसून स्वतः गुंडाळून घेतल्या. गोळी जिथे आपटते तिथली रबराची कडी सायकलच्या ट्यूबमधून कापली. दांड्याची स्प्रिंग स्कूटरची. काच फोटोफ्रेमवाल्याकडची. ज्या दिवशी पहिली घंटा वाजली त्या दिवशी भाऊंनी मला फोन केला आणि काहीच न बोलता फोन मशीनजवळ धरला. टिंग. टिंग टिंग. मग म्हणाले, "ऐकलंत? बाई बोलायला लागली."

आता विकायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण या विक्रीवर एक अट लटकत होती, आणि ती अट वहिनींची.

वहिनींच्या भावाने वडगावच्या बाजूला एका बंगल्यांच्या स्कीममध्ये भाऊंसाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. गेटवर बसायचं. खुर्ची, पंखा, रजिस्टर, गणवेश आणि गळ्यात शिट्टी. पगार बरा होता. भाऊंना मात्र स्टेशनजवळचा एक रिकामा गाळा दिसत होता, आणि त्या गाळ्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. गणवेशाला त्यांची हरकत नव्हती. शिट्टीला होती. "वायरलेस बोलते करणारा माणूस मी," ते मला खासगीत म्हणाले, "मी शिट्टी फुंकू?"

वहिनींनी निकाल लावला. "पन्नास हजार. तेवढे किंवा वर आले तर घ्या गाळा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. एक रुपया खाली आला तर एक तारखेपासून शिट्टी."

"पन्नास? याचे?" भाऊ घाबरलेच.

"अकरा महिने माझी बाहेरची खोली अडवलीत. पाहुणे गिरणीत बसवले मी, पोत्यांवर."

मग आम्ही भाव काढायला बसलो. इंटरनेटवर पाहिलं तर सगळे भाव डॉलरमध्ये, आणि ती मशीनं अशी चकाचक की आमची बाई त्यांच्यापुढे शेतातून आलेली वाटावी. भाऊंनी वहीत हिशेब मांडला. रबर, तार, काच, रंग, टेम्पो. बेरीज साडेअकरा हजार.

"आणि मजुरी?" मी विचारलं.

"मजुरी कसली? मला मजा आली."

"अहो, अकरा महिने!"

"मजेचे पैसे घ्यायचे का लोकांकडून?"

आतून वहिनींचा आवाज आला, "मजेचेच घ्या! दुसरं केलंय काय तुम्ही?"

इथे मी ठरवलं की हे काम भाऊंच्या हातात ठेवायचं नाही. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं. पवनेच्या वाटेवर कॅफे काढणारी एक तरुण बाई. फोटो बघून ती रविवारी येणार होती. भाऊंना तिच्यासमोर एकटं सोडलं तर ते साडेअकरा सांगतील आणि वर चहा पाजतील. म्हणून मी माझ्या मामांना बोलावलं.

माझे मामा वडिवळ्याचे. भातशेती पोरांनी घेतली, पण उमेदीच्या काळात मामांनी चाकणच्या बैलबाजारात दलाली केली होती. बैलाचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली गिऱ्हाईक त्याचा हात धरतं, आणि बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. सौदा झाला की आकडा रुमालाखालीच राहतो. तो मोठ्याने सांगणं म्हणजे बाजाराची बेअदबी.

माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. भाव रुमालाखाली ठरेल. मामा मेले तरी सांगणार नाहीत. गिऱ्हाईक रोख देऊन जाईल, पाकीट मी घेईन. आणि मग वहिनींसमोर छाती पुढे काढून मी जाहीर करीन, "पन्नासच्या वर!" काही कमी पडलं तर गुपचूप माझ्या खिशातून. भाऊंना मी यातलं काहीच सांगितलं नाही, कारण भाऊंना गुपित सांगणं म्हणजे स्टेशनच्या फलाटावर लाउडस्पीकरने सांगणं. आणि मामांना पन्नासची अट सांगितली नाही. गरजच काय होती? आकडा कोणाला कळणारच नव्हता.

रविवारी सकाळी मामा आले. धोतर, टोपी, खांद्यावर केशरी रुमाल.

"राम राम."

"जय भीम मामा, या, बसा," भाऊ म्हणाले.

"बसतो मागनं. आधी जनावर दावा."

मामांनी मशीनभोवती एक फेरी मारली. चारही पाय हलवून पाहिले. खाली वाकून पोटाखाली हात फिरवला. काचेत डोळा लावून आतल्या खांबांकडे असं निरखून पाहिलं की मला वाटलं, आता दात मोजतील. मग भाऊंनी गोळी सोडली, घंट्या वाजल्या, आणि मामा दोन पावलं मागे सरून खूष झाले.

"चालीला बरं हाय. वय?"

"पन्नासाच्या पुढे असेल," भाऊ म्हणाले.

"म्हंजी भाच्याएवढं. पर ह्ये कामाचं दिसतंय." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "खोड काय हाय?"

"मामा," मी घाईने म्हणालो, "काही खोड नाही."

"तुला न्हाई इचारलं."

भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं की उजव्या बाजूचा पंख अर्धा तास सलग खेळलं की तापतो आणि झोपतो. दहा मिनिटं विश्रांती दिली की उठतो.

"मंग ती आधी सांगायची," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक इचारू नाय तर न इचारू. इकल्यालं जनावर खोड काढून परत दारात आलं, तर धन्याला बाजारात तोंड दावायला जागा ऱ्हात न्हाई."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंच्या चेहऱ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं समजणारा माणूस भेटल्याचा आनंद होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कॅफेवाली बाई आली. तिशीची, हसरी, केस डोक्यावर गुंडाळलेले. मशीन पाहताच ती ओरडली, "ओह, किती गोड आहे ही!" आणि खेळायला लागली. मी मनातल्या मनात पाच हजारांनी भाव वाढवला. गल्लीतली दळणं घेऊन आलेली मंडळी गिरणीतून सरकत बाहेरच्या खोलीच्या दाराशी जमली. वहिनींनी गिरणी बंद केली आणि पदराला हात पुसत त्याही येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "एक सांगायचंय. उजवा पंख अर्ध्या तासाने झोपतो."

"असू दे हो काका, मस्त चाललंय."

"नाही, तुम्ही बघूनच घ्या. खेळत राहा."

ती खेळत राहिली. अर्धा तास झाला. पंख टकाटक चालत होता. भाऊ अस्वस्थ झाले. "जोरात दाबा जरा." पस्तीस मिनिटं झाली. पंख असा उत्साहात होता की जणू त्याला गिऱ्हाईक आवडलं होतं.

"काका, ठीक आहे की एकदम."

"नाही हो, झोपतो! मला माहीतय ना. तुम्ही दमला असाल तर मी खेळतो." आणि भाऊंनी तिला बाजूला करून स्वतः बटणं बडवायला सुरुवात केली. बाहेर ऊन, आत दहा-पंधरा माणसं, भाऊ घामाने निथळत आपल्याच मशीनला दमवायचा प्रयत्न करताहेत, आणि मी त्यांच्या मागे उभा राहून त्यांचा सदरा ओढतोय. चाळिसाव्या मिनिटाला पंख एकदा थरथरला आणि पडला.

"बघा!" भाऊ दोन्ही हात वर करून ओरडले. "बघा! सांगितलं होतं की नाही!"

मामांनी मान डोलावली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी डोकं धरून दळणाच्या डब्यावर बसलो.

मग रुमाल निघाला. मामांनी बाईला रीत समजावली: आधी दहा-दहा हजारांची बोटं, मग सुट्या हजारांची, बोटं धरली तेवढे आकडे, सगळा पंजा धरला तर पाच. एवढं सांगून मामा थबकले. बाजारात त्यांनी कधी बाईमाणसाचा हात धरला नव्हता.

"पोरी, तुजी हरकत नसली तर..."

"आजोबा, मला तर हे आयुष्यभर सांगायला पुरेल!" असं म्हणून तिनेच रुमालाखाली हात घातला.

पुढची दोन मिनिटं मी नाटकातही पाहिली नाहीत अशी होती. मामा छताकडे बघताहेत. बाई ओठ चावतेय. रुमाल इकडून उचलला जातोय, तिकडून खचतोय. मामा एकदा म्हणाले, "ह्यॅ!" ती एकदा खुदकन हसली. वहिनी रुमालाकडे अशा बघत होत्या की त्याला भोक पडावं. शेवटी मामांनी हात झटकला, रुमाल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "झाला."

"किती?" वहिनींनी विचारलं.

"रुमालाखालचं हितं इचारायचं नसतं, बाई."

मी पुढे सरसावलो. माझा क्षण आला होता. "ताई, तेवढे पैसे माझ्याकडे..."

"कॅश नाहीये हो माझ्याकडे," ती फोन काढत म्हणाली. "स्कॅनर आहे का?"

भाऊंकडे बटणांचा फोन. मी खिशात हात घालतो न घालतो तोच वहिनी गिरणीच्या गल्ल्यावरची क्यूआरची पाटी घेऊन हजर. बाईने फोन समोर धरला, बोट फिरवलं. आणि गिरणीतल्या फळीवरून, ज्या छोट्या डबीचं अस्तित्व मी साफ विसरलो होतो ती डबी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा सुरेल आवाजात बोलली:

"सत्तेचाळीस हजार रुपये प्राप्त झाले."

मामांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. आयुष्यभर जपलेली रीत एका डबीने एका वाक्यात मोडली होती. "आयला," ते हळूच म्हणाले, "ही कोन बया?"

भाऊंनी मशीनच्या काचेवरचा कॅफेवालीच्या हातांचा ठसा बाहीने पुसला आणि पुसतच राहिले. त्यांना तसं बघून माझ्यातला नट गप्प बसला आणि मित्र जागा झाला. अडचण एवढीच की मित्राचं डोकंही नटाइतकंच चालत होतं. मी मागच्या मागे गिरणीत सरकलो. तिथे भिंतीवर क्यूआरचा दुसरा कागद चिकटवलेला होता. म्हटलं, तीन हजार टाकू, आणि वहिनींना सांगू की टोकनचे राहिले होते. स्कॅन केलं. पाठवलं.

"तीन हजार रुपये प्राप्त झाले," डबी माझ्या कानाशी म्हणाली.

सगळी गल्ली माझ्याकडे वळली.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "हे कसले?"

"दळणाचे," मी म्हणालो.

"तीन हजारांचं दळण? घरी हत्ती बांधलाय का?"

लोक हसून हसून वाकले. मला मात्र कोणावर तरी चिडायचं होतं, म्हणून मी मामांवर चिडलो. "मामा, सत्तेचाळीसला हात का सोडलात? तीन हजार वर ओढता आले नाहीत?"

"वरच व्हतो की! बावन्नला आलतो. पर खोड सांगितली म्हनल्यावर तिचं पाच सोडायलाच लागत्यात. रीत हाय. पन्नासात काय सोनं लागलंतं? तू बोललास का मला?"

वहिनींनी हात वर केला.

"मामा, ती खोड सांगितली कोणी?"

"तुमच्या मालकानं."

"गिऱ्हाइकाने विचारली होती?"

"न्हाई."

"म्हणजे," त्या भाऊंकडे वळून म्हणाल्या, "चाळीस मिनिटं घाम गाळून स्वतःचे पाच हजार कमी करून घेतलेत. असा माणूस दुकान चालवणार?"

भाऊंनी मान खाली घातली. "नाही. ठरलंय ते ठरलंय. एक तारखेपासून जाईन मी गेटवर."

वहिनींच्या तोंडावर असा भाव आला की जणू दळणात खडा लागलाय.

"गेटवर! तुम्हाला गेटवर बसवलं तर चोर आला की त्याला सांगाल, तीन नंबरचे लोक पुण्याला गेलेत, मागची कडी सैल आहे, पायरीवर जपून."

"कडी सैल असेल तर सांगायला नको का," भाऊ म्हणाले, "मालकाला म्हणतोय मी..."

"ऐकलंत?" वहिनी गल्लीला म्हणाल्या. "माझा भाऊ तोंडघशी पडेल या माणसापायी. गाळा नाही आणि शिट्टीही नाही. गिरणीत उजवीकडचा कोपरा रिकामा आहे. टेबल लावा तिथे. हात तुमचे, भाव माझा. गिऱ्हाइकाशी एक अक्षर बोलायचं नाही."

भाऊंनी वर पाहिलं. कॅफेवाली बाई म्हणाली, "काका, माझ्या कॅफेतला टेपरेकॉर्डर आणू का मग?" भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी आकडा सांगून टाकला.

मशीन टेम्पोत चढवताना मामांनी मशीनला वीज देणारा वायरीचा जुना बोर्ड काढून भाऊंच्या हातात दिला. जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं देत नसतात, म्हणाले. माझे तीन हजार मी परत मागितले तर वहिनी म्हणाल्या, "गहू आणा." तेव्हापासून मी लोणावळ्याहून दळण घेऊन घोरावाडीला जातो. लोक विचारतात, लोणावळ्यात गिरण्या नाहीत का. मी सांगतो, असं पीठ नाही.

कोपरा जोरात चाललाय. परवा मी गेलो तेव्हा एक बाई मिक्सर न्यायला आली होती. "किती झाले?" तिने विचारलं. भाऊ टेबलामागून मान वर करून म्हणाले, "अहो, काही नाही, फक्त एक वायर..."

वहिनींनी भिंतीवरचं बटण दाबलं. गिरणी घरघरायला लागली. भाऊंचे ओठ हलत राहिले आणि वहिनींनी, पिठाच्या धुरळ्यात, बोटांनी तीनशे दाखवले.